पहिल्या तुकडीचे पुढारी

भाऊंच्या दहाव्याच्या दिवशी त्यांच्या नावाचं कार्ड आलं.

बाणगंगेवर कावळा लगेच शिवला होता. भाऊंची काही इच्छा मागे राहिलेली नाही, असं सगळे म्हणाले. लवकर घरी जायला मिळणार म्हणून त्यांना थोडं हायसंही वाटलं. मी गिरगावात आमच्या दाराशी पोचले तर उंबऱ्याशी कार्ड पडलेलं. मजकूर छापील, मोकळ्या जागा शाईने भरलेल्या.

‘श्री. मनमोहन त्रिलोकेकर यांस. आपण दि. ८ ऑगस्टपासून शरीराचे तापमान कळविलेले नाही. ते रोज सकाळी आठ वाजता मोजून कळविण्याचे आपण मान्य केले आहे. दंडास सूज आहे काय? होय / नाही. नको असेल ते खोडावे.’

सात ऑगस्टला सकाळी आठ वाजता भाऊंचं तापमान मी मोजलं होतं. एकशे चार पॉइंट दोन. साडेदहाला ते गेले.

भाऊ, म्हणजे माझे वडील, परळच्या एका तापाच्या इस्पितळात हेड कंपाउंडर होते. इस्पितळाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून तिथेच आहेत. एकतीस वर्षं त्यांनी तिथे औषधाच्या खिडकीमागे उभं राहून मिक्श्चरं बनवली. त्या सवयी घरीही होत्या. घरात आलेली प्रत्येक बाटली ते आधी हलवत आणि उजेडाला धरत. दूध असो, खोकल्याचं औषध असो, शेजारच्या कमलाबाईंनी दिलेलं कोकम असो. फेस किती वेळ टिकतो ते मनातल्या मनात मोजत. ‘‘फेसाला खोटं बोलता येत नाही,’’ म्हणत. दूधवाला आमच्या घरापुरता प्रामाणिक होता.

सत्तावन्न सालच्या त्या फ्लूने निम्मी मुंबई अंथरुणाला खिळवली, तशी भाऊंनाही. त्यात मला काही वेगळं वाटलं नव्हतं. पण कार्डात लिहिलेलं ‘मान्य केले आहे’ मला नवीन होतं. त्यांनी मला काही सांगितलं नव्हतं. जुलैच्या अखेरीपासून ते रोज सकाळी आठला खिडकीत बसून तोंडात थर्मामीटर धरत, एवढं मी पाहिलं होतं. म्हातारपणी माणसाला जिवाची काळजी वाटू लागते, असं मी मनात म्हटलं होतं. हे निदान मनात. त्याच्या आधी जे म्हटलं ते मोठ्याने.

जुलैतल्या एका रविवारी वाडीत संयुक्त महाराष्ट्र समितीचं सह्यांचं पत्रक फिरत होतं. कमलाबाई ते घेऊन आमच्याकडे आल्या. भाऊंनी चष्मा लावून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, घडी घालून परत दिलं आणि ‘‘सही उद्या करतो’’ म्हणाले. दीड वर्षातलं हे चौथं ‘उद्या’. गोळीबार झाला तेव्हा त्यांनी खिडकी लावून घेतली होती. मी मोर्चाला निघाले तेव्हा म्हणाले होते, ‘‘मी आलो असतो गं, पण विषाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. मला पकडलं तर इस्पितळ अडेल.’’ त्या रविवारी मी कमलाबाईंदेखत म्हणाले, ‘‘भाऊ, आयुष्यात एक तरी गोष्ट तुमच्या हातून स्वतः होऊन झालीय का?’’

‘‘बघायला हवं,’’ भाऊ म्हणाले. आणि खरोखरच आठवून पाहत असल्यासारखे बसून राहिले.

कार्डावर कोपऱ्यात ‘टोचल्याची तारीख २२ जुलै’ असं होतं. म्हणजे त्या रविवारनंतर आठव्या दिवशी भाऊंनी कसल्याशा प्रयोगासाठी दंड पुढे केला होता, आणि त्यानंतर सोळाव्या दिवशी ते गेले होते. माझ्या बोलण्यामुळे गेले का, हे मला कळायला हवं होतं. दुसरं काही नको होतं.

तेराव्यापर्यंत आणखी दोन कार्डं आली. तिसऱ्यात थोडी नाराजी होती. तेरावं आटोपल्यावर मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि ट्रामने परळला गेले.

प्रयोगाचं ऑफिस जिन्याखाली होतं. तिथे शशिकांत नावाचा कारकून बसत असे. भाऊंच्या प्रेताला खांदा दिलेल्यांत तो होता, त्यामुळे चेहऱ्याने ओळखीचा.

‘‘या, उर्मिलाताई. फार वाईट झालं हो भाऊसाहेबांचं. आम्ही सगळे दोन मिनिटं उभे राहिलो होतो.’’

मी तिन्ही कार्डं टेबलावर ठेवली. ‘‘मग ही कोण पाठवतं?’’

‘‘मीच.’’

‘‘खांदा देऊन आल्यावर?’’

‘‘त्याच दिवशी नाही. आठ दिवसांनी.’’ त्याने कार्डं नीट एकावर एक रचली. ‘‘ते गेले हे मला ठाऊक आहे, ताई. फायलीला ठाऊक नाही.’’

त्याने फाइल उघडून दाखवली. आत एक सायक्लोस्टाइल केलेला फॉर्म होता. नाव, वय, पत्ता. यापूर्वी भोगलेली शिक्षा. घरी मागे कोण आहे. अटकेची तारीख. सुटकेची तारीख. मी दोनदा वाचलं.

‘‘हा कसला फॉर्म?’’

‘‘सत्याग्रहाचा,’’ शशिकांत म्हणाला. त्याला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. ‘‘मी संध्याकाळी लालबागला आमच्या विभागाच्या समितीत लिखापढीचं काम करतो ना. डॉक्टरीणबाईंचे फॉर्म छापून यायला महिना लागणार होता, आणि फ्लू काय महिनाभर थांबतोय? समितीचे पाचशे कोरे पडून होते. म्हटलं, रकाने साधारण तेच लागतात. माणूस स्वतःहून येतो, नाव देतो, घरच्यांना सांगून येतो, पुढे काय होईल त्याची खात्री नाही. काय फरक आहे?’’

मी फॉर्म पुढे वाचू लागले.

‘अटकेची तारीख’ या रकान्यात, शशिकांतने सांगितलं, सगळ्यांच्या फॉर्मवर सुई टोचल्याची तारीख होती. ‘सुटकेची तारीख’ सगळ्यांची कोरी होती, कारण प्रयोग सहा महिन्यांचा होता. भाऊंच्या फॉर्मवर तिथे वळणदार अक्षरात लिहिलं होतं : ७ ऑगस्ट १९५७, सकाळी १०.३०.

‘‘सुटका?’’

शशिकांतने मान खाली घातली. ‘‘दुसरा रकानाच नव्हता, ताई.’’

अडचण अकराव्या रकान्याची होती. ‘सत्याग्रहात भाग घेण्याचे कारण.’ त्यातलं ‘सत्याग्रहात’ खोडून वर ‘प्रयोगात’ केलं होतं. भाऊंनी बाकी सगळं भरलं होतं. ‘यापूर्वी भोगलेली शिक्षा’ यापुढे ‘नाही’ लिहून खाली रेघ मारली होती. अकरावा कोरा.

‘‘एक रकाना कोरा असला की फाइल बंद करता येत नाही,’’ शशिकांत बोटं मोजत समजावू लागला. ‘‘फाइल चालू, म्हणजे माणूस प्रयोगात. माणूस प्रयोगात, म्हणजे त्याने ताप कळवायचा. नाही कळवला तर मी कार्ड टाकायचं. जानेवारीपर्यंत.’’

‘‘मग लिहून टाका काहीतरी.’’

‘‘मी? भाऊसाहेबांच्या मनातलं मी कसं लिहिणार? घरच्यांनी लिहिलेलं चालतं. वारस म्हणून खाली सही करायची.’’

लोक काय लिहितात ते तरी पाहावं म्हणून मी बाकीचे फॉर्म मागितले. एकूण साठ जणांची तुकडी होती : परिचारिका, आया, वॉर्डबॉय, स्वयंपाकघरातली माणसं. धोंडू नावाच्या वॉर्डबॉयने लिहिलं होतं, ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.’ पुढच्या बावीस जणांनी त्याचं पाहून तेच लिहिलं होतं. एकाचं कारण ‘कांदे चिरून कंटाळा’. शेवंता नावाच्या आयेने ‘नवरा नको म्हणाला’ एवढंच सांगितलं होतं आणि शशिकांतने ते इमानाने उतरवलं होतं. ‘सुई टोचल्यावर अर्धा तास बसायला देतात.’ ‘डॉक्टरीणबाईंनी विचारलं, नाही कसं म्हणू.’ ‘रोज पन्नास जणांना टोचतो, एकदा आपण.’ कांता नावाच्या परिचारिकेचं : ‘घरी चार लेकरं. ताप घरी मीच नेते.’ मी तो फॉर्म जरा वेळ हातात ठेवला.

‘‘डॉक्टरीणबाईंना भेटता येईल?’’

डॉक्टर सुमेधा आजगावकर दादरला राहत, विलायतेला जाऊन आलेल्या होत्या आणि माझ्याहून वयाने फार मोठ्या नव्हत्या. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि स्वतः उभ्याच राहिल्या.

‘‘अकरावा रकाना मला नकोच आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्या फॉर्ममधलं काहीच नको आहे. मी दंड मागितले होते, कारणं नव्हती मागितली. मला माहीत असण्याची काही गरज होती का, की माझ्या निम्म्या तुकडीने यापूर्वी शिक्षा भोगलेली आहे? आता माहीत आहे.’’

‘‘भाऊंना काय टोचलं होतं?’’

‘‘ते मला ठाऊक नाही. कुणालाच नाही, तीच तर पद्धत आहे.’’ मग त्यांनी सांगितलं. माणसं रांगेने उभी राहिली त्या क्रमाने जोड्या लावलेल्या. प्रत्येक जोडीत एकाला लस, एकाला मिठाचं पाणी. बाटल्या सारख्या, तपकिरी काचेच्या, वर फक्त नंबर. कुठल्या नंबरात काय, ते बंद पाकिटांत, कपाटात. सहा महिन्यांनी मोजायचं की कुठल्या बाजूचे किती आजारी पडले. ‘‘आपल्या बाटलीत काय आहे हे एखाद्याला आधी कळलं, तर ती जोडी बाद. दोघांची नावं कापायची, मोजायचीच नाहीत. लस अंड्यात वाढवतात. शाकाहारी लोकांनासुद्धा मी ते टोचून होईपर्यंत सांगितलं नव्हतं.’’

‘‘भाऊंच्या जोडीला कोण होतं?’’

त्यांनी यादी पाहिली. ‘‘पुतळाबाई. फ्लूच्या वॉर्डातली आया. नंबर एक पुतळाबाई, नंबर दोन तुमचे वडील.’’ त्यांनी यादी मिटली. ‘‘त्यांनी नाव का दिलं हे मला खरंच ठाऊक नाही. त्या दिवशी मला वाटलं, इस्पितळात संप झालाय.’’

पुतळाबाई वॉर्डाच्या मागच्या ओट्यावर चहा पीत बसल्या होत्या. माझगावच्या कोळीवाड्यातल्या, अंगाने भक्कम, आवाज भाऊच्या धक्क्यावर कमावलेला. भाऊ त्यांच्याकडून बोंबील निवडून घेत, म्हणून मला त्या लहानपणापासून ओळखत. त्यांनी मला जवळ बसवलं, माझ्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि लगेच भांडायला सुरुवात केली.

‘‘तुझा बाप चांगला माणूस व्हता, बाय. पण पुढारी म्हणून अगदीच कच्चा.’’

‘‘पुढारी?’’

‘‘शशीने पाटी लावली व्हती ना, पहिली तुकडी सोमवारी धा वाजता निघेल म्हणून. तुकडी निघायची तर रीतीनं नको? माझा पोरगा तुळशीदास छप्पन साली तुरुंगात गेला, तवा आख्ख्या कोळीवाड्यानं ओवाळला व्हता. मी दारात राहिली. म्हटलं, आता आपली पाळी. घरनं निरांजन आणला. धोंडूनं परळ नाक्यावरनं हार आणला, पुढाऱ्याचा, हा एवढा.’’ त्यांनी गुडघ्यापर्यंत हात नेऊन दाखवला. ‘‘पुढारी म्हणून स्वयंपाकघरातला दत्तू ठरला व्हता. सकाळी बघतो तर दत्तूलाच ताप! आता?’’

‘‘आता काय?’’

‘‘एकुणसाठ माणसं रांगेत हुभी. धोंडू घोषणा देतंय. वॉर्डातले पेशंट उठून बसले, ते पण द्यायला लागले, एकशे तीन ताप असलेले. एक म्हातारा तर लुगडं पांघरून खाटेवर हुभा राहिला. नि डॉक्टरीण दारात सुई घेऊन, तोंड हे असं. तेवढ्यात तुझा बाप आला बाटल्यांचा ट्रे घेऊन. पिकलेले केस, काळी टोपी, चष्मा. मी म्हटलं, हा काय आपला पुढारी! घातला हार गळ्यात.’’

‘‘आणि ते काही म्हणाले नाहीत?’’

‘‘काय म्हणेल? दोन्ही हातांत ट्रे. साठ बाटल्या काचेच्या. हार काढायला हात नको?’’

मी हसले असावे. पुतळाबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्याही हसल्या. मग पदराने डोळे पुसून पुढे म्हणाल्या, ‘‘शशीनं दत्तूचं नाव खोडून तुझ्या बापाचं घातलं. तुकडीत साठ पायजे तर साठ.’’

‘‘पण ट्रे खाली ठेवल्यावर हार काढता आला असता.’’

‘‘तेच मी बोलली! म्हटलं, भाऊसाहेब, घाईत घातला, नको असेल तर काढा. तर बोलतो कसा, राहू दे पुतळाबाई, घरी पोरीला दाखवायचाय.’’

ओट्याखालून कोणीतरी बादली घेऊन गेलं. मी ती जाईपर्यंत तिकडे पाहत राहिले.

तो हार मी पाहिला होता. बावीस जुलैला संध्याकाळी भाऊ वर्तमानपत्रात गुंडाळलेला झेंडूचा हार घेऊन आले होते. टेबलावर ठेवून म्हणाले होते, ‘‘आज इस्पितळात एक गंमत झाली.’’ मी चाचणी परीक्षेचे पेपर तपासत होते. मी म्हणाले, ‘‘उद्या सांगा.’’ मग हार उलगडून पाहिला आणि विचारलं, ‘‘एवढा मोठा कशाला आणलात? देवाची तसबीर वीतभर.’’ कात्री घेऊन मी त्याचे दोन तुकडे केले. एक तसबिरीला घातला, एक दाराला लावला. भाऊ उभे राहून पाहत होते. ‘‘बरोबर बसला,’’ म्हणाले.

पुतळाबाईंचं भांडण संपलेलं नव्हतं. ‘‘तर पुढाऱ्यानं पयला हुभा राहायचं की नाय? मी त्याला पयला हुभा केला. ट्रेमधनं त्यानं एक नंबरची बाटली उचलली, हलवली, खिडकीकडे धरून बघत बसला. हातपाय गळाले ना! मग ठेवली खाली नि मला बोलला, पुतळाबाई, तुम्ही आधी. नि गेला माझ्या मागं! हार गळ्यात, नि बाईमाणसाच्या पाठी. सगळी तुकडी बघत व्हती. मेल्या माणसाचं वाईट बोलू नये, पण भ्यालाच तो, बाय.’’

‘‘तुम्हाला ताप आला नाही?’’

‘‘मना?’’ पुतळाबाई म्हणाल्या. ‘‘आख्खा कोळीवाडा पडला, वॉर्डात तीन आया पडल्या. मना काय व्हतंय. मिठाच्या पाण्यावर वाढलेला अंग हाय.’’

परतीच्या ट्राममध्ये मी खिडकीशी बसले. भायखळ्याला समोरच्या बाकावर एक बाई येऊन बसल्या. त्यांच्या मांडीवर औषधाची बाटली होती आणि ट्रामच्या धक्क्यांनी ती हलत होती. औषधावर फेस आला, आणि पुढचा थांबा येईपर्यंत तो तसाच राहिला. मी तो पाहत होते. मग मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. लस अंड्यात वाढवतात.

बाटल्या सारख्या होत्या, काच तपकिरी होती, पाकिटं कपाटात होती. त्या साठ माणसांत एकच माणूस असा होता, ज्याला बाटली न हलवता हातात धरताच येत नसे. मिठाच्या पाण्याचा फेस उठतो न उठतो तोच जिरतो. अंड्याचा अंश असलेल्या लशीचा टिकतो. एक नंबरचा टिकला असणार. भाऊंनी तो मोजला असणार, पाचापर्यंत, सहापर्यंत. मग त्यांनी ती बाटली खाली ठेवली आणि रोज फ्लूच्या वॉर्डात वाकून काम करणाऱ्या बाईला आपल्या पुढे उभं केलं. खिडकीमागे एकतीस वर्षं ते हेच करत आले होते. ज्याचं औषध त्याच्या हातात गेलं की नाही, एवढं पाहायचं.

अकरावा रकाना कोरा का राहिला, हेही मला कळलं. खोटं लिहिणं त्यांना जमलं नसतं. आणि खरं लिहिलं असतं तर तुकडीतून पुतळाबाईंचं नाव कापलं गेलं असतं, ओवाळून घेतल्यानंतर. म्हणून त्यांनी तो उद्यावर टाकला असावा.

घरी पोचल्यावर मी बराच वेळ हिशेब केला. नाव त्यांनी दिलं नव्हतं, हार त्यांनी घालून घेतला नव्हता. हार काढला नाही तो मला दाखवायला, त्यात माझ्या बोलण्याचा वाटा होता आणि तो माझ्याकडे राहील. पण दुसऱ्या बाटलीत माझा वाटा नव्हता. ती त्यांनी स्वतः होऊन घेतली होती.

राहिला रकाना. मी काही न लिहिता राहू शकले असते. जानेवारीपर्यंत कार्डं आली असती, त्यांची सवय झाली असती. ‘देशसेवा’ असंही लिहिता आलं असतं. पण दहा थेंबांच्या जागी अकरा थेंब पडले तर भाऊ सबंध बाटली ओतून देत. चुकलेली जोडी मोजू देणं त्यांच्या मुलीला शोभलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा परळला गेले आणि शशिकांतच्या टेबलाशी बसून लिहिलं : ‘दोन्ही हातांत बाटल्यांचा ट्रे असताना गळ्यात हार पडला. नंतर तो काढला नाही. क्र. १ मध्ये लस आहे हे फेसावरून ओळखून त्यांनी ती पुतळाबाईंना मिळू दिली व क्र. २ घेतली.’ मजकूर रकान्यात मावला नाही. शेवटची ओळ शेजारच्या ‘यापूर्वी भोगलेली शिक्षा’ या रकान्यात गेली. खाली मी सही केली.

शशिकांतने ते वाचलं, टोपी काढून टेबलावर ठेवली, परत घातली आणि फॉर्म घेऊन वर गेला. थोड्या वेळाने डॉक्टर सुमेधा स्वतः खाली आल्या. त्यांच्या हातात फोडलेलं पाकीट होतं.

‘‘एक नंबर लस,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दोन नंबर पाणी. फेसावरून?’’

‘‘हो.’’

‘‘मला कोणी सांगितलं असतं तर मी काळ्या बाटल्या घेतल्या असत्या.’’ त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या. पहिल्यांदाच मी त्यांना बसलेलं पाहिलं. ‘‘माझी सगळ्यात चांगली जोडी होती ही. एक जगली, एक... मोजता आली असती तर.’’ मग त्यांनी लाल पेन्सिल मागितली आणि यादीवर दोन रेघा मारल्या. रेघा मारताना खाली दुसरा कागद धरला होता, रेघ सरळ यावी म्हणून. भाऊंना ते आवडलं असतं.

रेघांची बातमी तासाभरात वॉर्डात पोचली. पुढचे दोन दिवस धोंडू आणि तुकडीतले बरेच जण जेवणाच्या सुट्टीत डॉक्टरांच्या दारासमोर बसून राहिले. मागणी अशी, की तुकडी अखंड राहिलीच पाहिजे, मेलेल्यासह. डॉक्टरांनी दारात येऊन जोड्यांची पद्धत पुन्हा समजावली. धोंडू म्हणाला, माणसांच्या वाटण्या करायच्या हीच मुळात दिल्लीची चाल आहे. तिसऱ्या दिवशी सुट्टीत शिरा होता, म्हणून धरणं सुटलं.

शनिवारी शेवटचं कार्ड आलं. या वेळी सगळा मजकूर शाईने लिहिलेला होता, शशिकांतच्या अक्षरात.

रविवारी सकाळी पुतळाबाई आमच्या घरी आल्या. डोक्यावर पाटी, पाटीत बोंबील, आणि बोंबलांना लागू नये म्हणून वेगळ्या पानात बांधलेला हार. त्या जिना चढून दमल्या होत्या, पण आधी भांडल्या.

‘‘माझं नाव का कापलं, पोरी? भ्याला तो, नि नाव माझं जातंय?’’

मी त्यांना पाणी दिलं. मग बाटलीचं सांगितलं. अंड्याचं, फेसाचं, एक नंबरचं. त्या पेला हातात धरून ऐकत होत्या.

‘‘म्हणजे माझी सुई खरी?’’

‘‘हो.’’

‘‘नि त्याची पाण्याची.’’

‘‘हो.’’

पुतळाबाईंनी पेला खाली ठेवला. ‘‘मेला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पुढारी पुढं हुभा राहतो. एवढं पण ठाऊक नव्हतं त्याला.’’ आणि पदर तोंडात धरून रडायला लागल्या.

रडणं ओसरल्यावर त्यांना टेबलावरचं कार्ड दिसलं. ‘‘वाच,’’ म्हणाल्या.

मी वाचलं. ‘श्री. मनमोहन त्रिलोकेकर यांस. आपण व आपल्या जोडीदार श्रीमती पुतळाबाई हे सदर प्रयोगात कधीही सहभागी नव्हता, असे समजण्यात यावे. यापुढे तापमान कळवू नये. दंडास सूज असल्यास तिकडे दुर्लक्ष करावे. कळावे.’

पुतळाबाईंनी चोळीची बाही वर सरकवून दंड उजेडाकडे केला. तिथे काहीच नव्हतं. ‘‘दोन दिस सुजला व्हता,’’ त्या म्हणाल्या. ‘‘लिंबाएवढा.’’

मग त्यांनी हार सोडला. धोंडूने परळ नाक्यावरच्या त्याच माळ्याकडून आणला होता, तेवढ्याच लांबीचा. भाऊंचा फोटो नोकरीच्या ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला. मोठा म्हणजे पोस्टकार्डाएवढा. त्याला घातला तर हार फोटोवरून उतरून टेबलावर आला, थर्मामीटरच्या डबीवरून गेला आणि तरीही टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत राहिला.

पुतळाबाईंनी मागे सरून पाहिलं. ‘‘लईच मोठा झाला गं. कात्री हाय काय?’’

‘‘आहे,’’ मी म्हणाले. ‘‘पण नको.’’